‘काही लागलं तर सांगा’ नको, रिलीव्हर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुळ्या मुलांवरचं पान वाचलं. फोटो छान होते. एकसारखे कपडे, एकसारखं हसू आणि खाली ‘दुप्पट आनंद, दुप्पट धावपळ’ अशी ओळ. पानभर मजकुरात आईवडिलांच्या वाट्याला तेवढी एकच ओळ आली, आणि तीही हिशेबाला चुकीची आहे. मी सगळी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. माणसं किती, तास किती, कोण कोणत्या पाळीला, कोणाची किती रजा शिल्लक, हेच माझं काम. चुकीचा हिशेब छापून आला की मला राहवत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीला जुळ्या मुली आहेत. दोघी आता शाळेत जातात, भांडतात, धडधाकट आहेत. तेव्हा माझी तक्रार काही नाही. पण त्यांचं पहिलं वर्ष मी जवळून पाहिलं आहे.

आधी हिशेब मांडतो. नवजात बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. मधला आकडा १० धरू. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पुन्हा झोपवणं, सगळं मिळून चाळीस मिनिटं. हे मी घड्याळ समोर ठेवून पाहिलेलं आहे. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर वेळ याहून जास्तच लागतो. म्हणजे एका बाळाचे सहा तास चाळीस मिनिटं झाले. एक माणूस आठ तासांच्या पाळीत ते कसंबसं उरकतो. दोन बाळांचे तेरा तास वीस मिनिटं होतात. हे एका पाळीत बसतच नाही, दुसरा माणूस लावावाच लागतो. शिवाय या कामाला साप्ताहिक सुट्टी नाही. यात कपडे धुणं, बाटल्या उकळणं, दवाखान्याच्या फेऱ्या आणि आईच्या टाक्यांचं दुखणं धरलेलं नाही. धावपळ दुप्पट होते वगैरे काही नाही. माणूसबळ कमी पडतं, इतकी साधी गोष्ट आहे.

आमच्याकडे एक नियम होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीत आपली जागा घेणारा माणूस, येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, आणि रिलीव्हर आलाच नाही तर सुपरवायझरने कुठूनही माणूस उभा करायचा. एकाच माणसाला लागोपाठ डबल ड्यूटी लावली की तिसऱ्या दिवशी अपघात होतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुळ्यांच्या घरी दोन मशीन चोवीस तास चालू असतात आणि रिलीव्हर कोणीच नसतो. (मुलीने हे वाचलं तर नातींना मशीन म्हटलं म्हणून रागावेल. रागावू दे.)

नातेवाईक आणि मित्रमंडळी मदत करत नाहीत असं मी म्हणणार नाही. सगळे येतात. दाराशी चपला मावत नाहीत इतके येतात. पण येतात ते बाळं बघायला. एकेक बाळ हातोहात फिरतं, नुकतं झोपलेलं जागं होतं, मग पाहुणे निघतात आणि जिन्यातून वळून सांगतात, ‘काही लागलं तर सांगा हं.’ मनापासूनच सांगतात. पण ज्या बाईला दोन दिवस केस विंचरायला वेळ मिळालेला नाही तिने आता बसून विचार करायचा, काय लागेल, ते कोणाला सांगायचं, सांगितलं तर वाईट दिसेल का, आणि मग फोन करायचा. म्हणजे तिच्या डोक्याला आणखी एक काम. आमच्या कारखान्यातल्या पाळ्यांच्या तक्त्यात ‘काही लागलं तर’ नावाची पाळी कधी नव्हती. तक्त्यात वार असतो, वेळ असते आणि नाव असतं. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दहा ते दोन मी आहे, तुम्ही दोघं झोपा,’ असं कोणी म्हणालं तर ती मदत.

रात्रीवर माझा एवढा भर का, तेही सांगतो. दिवसा कोणी ना कोणी असतंच. रात्री एकीला पाजून झोपवेपर्यंत दुसरी उठते, ती झोपते तोवर पहिलीची वेळ होते. आई आणि वडील दोघंही जागे राहतात, आणि कोणालाच सलग चार तास मिळत नाहीत. अशा वेळी बाळाला घेऊन सोफ्यावर जरा टेकलं की माणूस बसल्या जागी झोपतो. सोफ्यावर बाळासह झोप लागणं बाळाच्या जिवाला किती धोक्याचं, हे बालरोगतज्ज्ञ घसा कोरडा करून सांगतात. आईबापांना ते कळत नाही असं नाही. त्यांचा इलाज चालत नाही. दोघांपैकी एकाला सलग चार-पाच तास मिळतील अशी सोय केली, की निम्मं काम झालं.

आमच्याकडे एक वही होती. डाव्या पानावर थोरली, उजव्या पानावर धाकटी. वेळ, दूध, लंगोट, औषधाचे थेंब. दोघी इतक्या सारख्या दिसायच्या की धाकटीच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावून ठेवलं होतं, नाहीतर पहाटे तीनच्या अंधारात एकीलाच दोनदा पाजलं जायचं. वही उत्तम चालली होती. मग एके दिवशी पाहतो तर मुलीने त्यात आणखी एक रकाना आखलेला: ‘कोण उठलं’. आठवडाभरात त्या रकान्याची बेरीज होऊ लागली. तुझ्या इतक्या, माझ्या इतक्या. एरवी एकमेकांना धरून असलेलं जोडपं वहीच्या पानावर पुरावे देत भांडत होतं. हजेरीपट म्हणजे माझं कुलदैवत, तरी तो रकाना मीच खोडायला लावला. हजेरी भरायला माणसं पुरेशी हवीत; दोनच माणसं असली तर तो हजेरीपट राहत नाही, आरोपपत्र होतं. त्यानंतर रविवारी दुपारचे दोन तास आम्ही आजी-आजोबा दोघींना सांभाळायचो आणि त्या दोघांना घराबाहेर काढायचो. कुठे जाता, काय करता, विचारायचं नाही. पहिल्या वेळी ते गाडीत जाऊन झोपले होते म्हणे.

ही मदत जन्मानंतर सुरू करून चालत नाही, त्याला कारण आहे. जुळी दिवस भरायची वाट बघत नाहीत. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. आमच्या नाती चौतिसाव्या आठवड्यात आल्या. सगळी तयारी नवव्या महिन्यावर ढकललेली असेल तर ती तयारी बाळं दवाखान्यात असताना करावी लागते. तक्ता सातव्या महिन्यातच भिंतीवर लागायला हवा.

त्याही आधी, ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत, एक गोष्ट पक्की कळून घ्यावी लागते: दोघांची वार (पोटात बाळाला पोसणारा भाग, प्लासेंटा) एकच आहे की वेगवेगळी. वार एकच असेल तर त्यातल्या सामाईक रक्तवाहिन्यांतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागण्याचा धोका असतो. अशा शंभर गर्भारपणांत दहा ते पंधरा वेळा हे घडतं, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी. आमच्या मुलीची वार एकच होती. दर दोन आठवड्यांनी पोटात गोळा. आणि त्या काळात नातेवाइकांचा आवडता प्रश्न कोणता, तर ‘जुळी कोणाकडून आली?’ दोन्ही घरांच्या वंशावळी काढून झाल्या. वास्तविक एकाच बीजापासूनची जुळी ही घराण्याची देणगी नव्हेच; जगात कुठेही हजार बाळंतपणांत साधारण तीन-चार असतात. दोन वेगळ्या बीजांची जुळी आईच्या बाजूने घराण्यात येऊ शकतात. दुसरा प्रश्न, जरा आवाज खाली करून, ‘उपचार घेतले होते का?’ घेतले असतील किंवा नसतील. विचारणाऱ्याला दोन्ही उत्तरांचा उपयोग काय, हे मला अजून कळलेलं नाही. त्याऐवजी एकाने तरी विचारायला हवं होतं की पुढची तपासणी कधी आहे आणि सोबत कोण जाणार.

सोबत जावई जायचा. प्रत्येक वेळी रजा टाकून. आता रजा हा माझा विषय. बाळं जन्मायच्या आधीच गड्याची निम्मी रजा संपली होती. रजेचे नियम करणाऱ्यांनी जुळ्यांचा विचार करायचा ठरवला तर करता येतो. फ्रान्समध्ये एका बाळासाठी आईला १६ आठवड्यांची रजा, जुळ्यांसाठी ३४. जर्मनीत बाळंतपणानंतरचे संरक्षणाचे ८ आठवडे जुळ्यांसाठी १२ होतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून, बाळाला नवजात विभागात ठेवावं लागलं तर आईवडिलांना १२ आठवड्यांपर्यंतची रजा वेगळी मिळते, नेहमीच्या रजेतून ती कापली जात नाही. मला हे फार पटलं. बाळ काचेच्या पेटीत असताना गेलेले दिवस ‘बाळासोबतची रजा’ म्हणून मांडणं ही हिशेबातली लबाडी आहे. ज्यांच्या हातात मस्टर, म्हणजे हजेरीपट, आहे त्यांना नियमाची वाट न बघताही बरंच करता येतं: पाळी बदलून देणं, रात्रपाळीतून वर्षभर सूट, सुट्ट्या तुकड्या-तुकड्याने घेऊ देणं. कागदावर एक सही लागते, एवढंच.

थोरली दोन किलोची होती, धाकटी पावणेदोनची. आठव्या दिवशी थोरलीला घरी सोडलं, धाकटीला दवाखान्याच्या नवजात विभागात ठेवून घेतलं. या दिवसांबद्दल कोणी काही लिहीत नाही, म्हणून लिहितो. आईने कुठे राहायचं? घरी राहिली तर दवाखान्यातली एकटी, दवाखान्यात राहिली तर घरची एकटी. धाकटीला अजून ओढून पिणं, गिळणं आणि श्वास घेणं एका तालात जमत नव्हतं. ते साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जमू लागतं, आणि तिला अजून वेळ हवा होता. म्हणून मुलगी दर तीन तासांनी पंपाने दूध काढायची, जावई ते बर्फाच्या डब्यात घालून न्यायचा आणि रिकाम्या बाटल्या घेऊन यायचा. ‘दोघींना अंगावरचं दूध पुरायचं नाही’ हे भाकीत करणाऱ्या बायका घरात चार तरी होत्या. दूध जितकं काढलं जातं तितकं शरीर तयार करतं, आणि बहुतेक आयांना दोघांपुरतं येऊ शकतं. त्यासाठी पहिल्या आठवड्यांत वारंवार पाजायला किंवा काढायला सवड हवी. सवड देणं आपल्या हातात असतं, भाकीत करणंही. लोक भाकीत करतात.

त्याच विभागात एका सिस्टरने मला कामाला लावलं. मी काचेबाहेर उभा होतो. ती म्हणाली, ‘आजोबा, नुसते उभे काय, हात कोपरापर्यंत धुवा आणि शर्टाची बटणं काढा.’ मला आधी वाटलं, माझीच तपासणी करते की काय. मागे कललेल्या खुर्चीत बसवलं आणि टोपी-मोजे-लंगोट घातलेली धाकटी माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली, मान एका बाजूला, वरून पट्टा बांधला. माझ्या छातीवरचे पांढरे केस तिच्या नाकात जातील ही माझी मुख्य काळजी. दहा मिनिटांनी समोरच्या पडद्यावरचा तिचा श्वासाचा आकडा स्थिर झाला आणि सिस्टर ‘हलू नका’ म्हणून निघून गेली. ही कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी १९७८ साली सुरू केली, पेट्या कमी आणि बाळं जास्त होती म्हणून. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने वेळेआधीच्या आणि कमी वजनाच्या सगळ्या बाळांसाठी ती सांगितली, दिवसाचे ८ ते २४ तास. आता दोन बाळं आणि प्रत्येकी किमान आठ तास. आईच्या एका छातीवर भागणार आहे का? वडील हवेत, आजी हवी, माझ्यासारखा रिकामा म्हातारा हवा. ज्या दवाखान्यात भेटीची वेळ संध्याकाळी अर्धा तास आणि ‘वडिलांनी बाहेर थांबावे’ अशी पाटी असते, तिथे या आठ तासांचा तक्ता कसा लावतात ते मला बघायचं आहे.

वडिलांना बाहेर थांबवायची सवय पुढेही सुटत नाही. लशीच्या वेळी आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलीला दहा प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची ही एडिंबरा प्रश्नावली, १९८७ सालची, जगभर वापरतात. जुळ्यांच्या आयांमध्ये हे नैराश्य जास्त आढळतं. मुलगी लिहीत होती, जावई दोन्ही पिशव्या आणि एक नात सांभाळत भिंतीला टेकला होता. बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, ड्रॉवरमधून आणखी एक कागद काढला आणि म्हणाल्या, ‘बसा, तुम्हीही भरा.’ जावयाचा आकडा मुलीपेक्षा जास्त आला. नव्या वडिलांतल्याही दहातल्या साधारण एकाला हा त्रास होतो, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत आम्ही सगळे त्याला ‘आता तूच खंबीर राहा’ असं सांगत होतो. बाईंनी त्याला समुपदेशकाकडे पाठवलं, आणि आमच्याकडे वळून विचारलं की याला सलग झोप कोण देणार. तक्ता खरा तेव्हापासून काटेकोर झाला.

एक अवघड गोष्ट दोन ओळींत सांगतो. त्या विभागात एक जोडपं होतं, ज्यांच्या जुळ्यांपैकी एकच वाचलं. त्यांच्या खाटेशी येऊन लोक म्हणायचे, ‘एक तरी हाती लागलं.’ त्या आईचा चेहरा मी पाहिला आहे. ब्रिटनमधल्या काही रुग्णालयांत अशा बाळाच्या पाळण्यावर जांभळ्या फुलपाखराचं चित्र लावतात, म्हणजे येणारा जाणारा काय बोलायचं याचं भान ठेवतो. एका कागदाच्या चित्राला खर्च तो किती.

आणि घरी आल्यावर ती तुलना. ‘तीन महिन्यांची झाली, अजून मान धरत नाही?’ सहा आठवडे लवकर आलेलं मूल तीन महिन्यांचं असतं तेव्हा वाढीच्या हिशेबाने ते दीड महिन्याचंच असतं. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत डॉक्टर त्याचं वय बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. तेवढी वजाबाकी पाहुण्यांनी जिना चढतानाच करून यावी.

जुळ्यांचा प्रश्न चार घरांपुरता आहे असं कोणाला वाटत असेल तर आकडा देतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार हजार बाळंतपणांमागे जुळ्यांचं प्रमाण तीन दशकांत ९ वरून १२ वर गेलं. आता दर ४२ बाळांमागे एक बाळ जुळ्यातलं असतं. वर्षाला १६ लाख जोड्या. आपल्या पेपरच्या वाचकांत अशी घरं असणारच, आणि त्यांना सल्ला द्यायला सगळ्यात लायक माणसं म्हणजे त्यातून गेलेले आईबाप. ब्रिटनमध्ये जुळ्या-तिळ्यांच्या पालकांची संघटना १९७८ पासून आहे, आणि तिच्या मदतीच्या फोनवर बोलतात तेही स्वतः जुळ्या-तिळ्यांचे पालकच. दोघींना एकदम पाजताना उशी कुठे घ्यायची, आधी कोणाची ढेकर काढायची, हे माझ्या मुलीला कोणत्याही पुस्तकाने नीट सांगितलं नाही. दवाखान्यात भेटलेल्या एका अनोळखी आईने जमिनीवर बसून, दोन गुंडाळलेले टॉवेल काखेत धरून दाखवलं. पाच मिनिटं लागली.

तेव्हा विनंती अशी. आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा चार इंचांची जागा या आईबापांसाठी ठेवावी. एका बाजूला ‘जुळी होणार आहेत’ असं कळवणाऱ्यांचे प्रश्न, दुसऱ्या बाजूला त्यातून गेलेल्यांची उत्तरं. नावं छापू नयेत. पहिल्या वेळेसाठी मजकूर कमी पडला तर माझी मुलगी लिहून द्यायला तयार आहे. जावईही तयार आहे, पण त्याचं अक्षर कंपोझिटरला लागणार नाही.

सोबत कोऱ्या तक्त्याची प्रत जोडली आहे. सात दिवस, रोजचे सहा रकाने, चार-चार तासांचे, सकाळी सहापासून. प्रत्येक रकान्यात दोन नावं लिहायची: कामाला असणाऱ्याचं आणि न आल्यास बदली माणसाचं. रात्री दहा ते दोन आणि दोन ते सहा हे रकाने आधी भरावेत, दुपारचे आपोआप भरतात. आईवडिलांची नावं रात्रीच्या दोन्ही रकान्यांत एकाच दिवशी येऊ देऊ नयेत. जागा असेल तर तक्ता छापावा. कात्रण काढून भिंतीला लावता येईल अशा मापाचा केला आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टाइमकीपर